देवाच्या नावावरचं कर्ज

"घराची काळजी सोडा ताई," अण्णा म्हणाले, आणि म्हणताना असे हसले की जणू समोरच्याच्या हातावर प्रसादाचा पेढाच ठेवताहेत. "घर आता माझं नाहीच. ते मी केव्हाच देऊन टाकलं."

वकील दीप्ती मोरे यांचं ऑफिस ठाण्यात, कोर्टाच्या मागच्या गल्लीत. दोन खुर्च्या आणि एक स्टूल एवढीच काय ती बसायची सोय. त्या स्टुलावर बसलेल्या सरोजला, अण्णांच्या बायकोला, वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"दिलं? कोणाला दिलं?" दीप्तीने विचारलं.

"देवाला."

दीप्तीने पेन खाली ठेवलं. सरोजने कपाळाला हात लावला. अण्णा मात्र शांत. त्यांचा चेहरा एकादशीच्या कीर्तनात असतो तसाच प्रसन्न.

झालं होतं ते असं. अण्णा खांबेटे यांचा कोलशेतला छपाईचा कारखाना होता. औषधांच्या बाटल्या ज्यात येतात ती खोकी छापायची. नवं मशीन घ्यायला त्यांनी ठाकुर्लीचं राहतं घर बँकेकडे तारण ठेवलं. मशीन आलं, आणि ज्या कंपनीच्या भरवशावर ते आणलं ती कंपनीच बंद पडली. कागदवाल्याची देणी थकली, शाईवाल्याची थकली, बँकेचे हप्ते थकले. शेवटी कामगारांचे पगारही थकले. तेव्हा कोणीतरी सांगितलं, नादारीचा अर्ज करा, कोर्टच म्हणेल की हा माणूस देऊ शकत नाही, मग सगळे गप्प बसतील. अण्णांनी अर्ज केला, आणि आता घरही वाचलं असं धरून चालले.

"अण्णा, आधीच सांगितलंय तुम्हाला," दीप्ती म्हणाली. "नादारीत बाकीच्या घेणेकऱ्यांना कोर्टाच्या दारात थांबावं लागतं. बँकेला नाही लागत. घर तारण आहे, ते विकून बँक आधी आपले पैसे घेणार. वर काही उरलं तर ते बाकीच्यांना."

"म्हणून तर दिलं! माझ्या नावावर नाही तर बँक विकणार काय?"

"तारण तसंच राहतं हो. घर कोणाच्याही नावावर गेलं तरी कर्ज त्याच्या पाठोपाठ जातं. देवाच्या नावावर गेलं तर देवाच्या पाठोपाठ."

सरोजला आता सगळं आठवलं. अधिक महिना होता. त्यांच्याच घरच्या हॉलमध्ये अण्णांच्या कीर्तन मंडळाचा कार्यक्रम होता. बुवांनी दानाचं निरूपण असं रंगवलं की बायका पदराने डोळे पुसत होत्या. सरोजने स्वतःही पुसले होते. उत्तररंग संपताना अण्णा उठले, तुळशीपत्रावर पळीभर पाणी सोडलं आणि म्हणाले, "हे घर पांडुरंगाचं." टाळ्या, झांजा, नुसता गजर. अध्यक्ष भिडेकाकांनी अण्णांच्या गळ्यात हार घातला, कपाळाला बुक्का लावला. सरोजला किती बरं वाटलं होतं! घर देवाचंच असतं असं सगळेच म्हणतात. पण रजिस्ट्रारकडे जाऊन म्हणत नाही कोणी.

अण्णा गेले होते. राहिलेली शेवटची एफडी मोडून मुद्रांक शुल्क भरलं होतं आणि कीर्तन मंडळाच्या नावाने रीतसर बक्षीसपत्र करून आले होते. घरी येऊन म्हणाले होते, "जरा कल्याणला काम होतं."

"ती एफडीसुद्धा?" सरोजच्या तोंडून एवढंच निघालं.

"सत्कार्याला लागली गं."

दीप्तीने डोळे मिटून घेतले. मग सावकाश बोलली. लिलावाऐवजी सरळ विक्रीला बँक तयार होती. त्यांच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारा महेंद्र वाघमारे बाजारभावाने घर घ्यायला तयार होता, त्याचं कर्जही मंजूर झालं होतं. कोर्टाची परवानगी ती काढणार होती. असं घर विकलं गेलं तर बँक भागून कामगारांच्या पगारापुरतं उरत होतं. लिलावात गेलं तर कमी भाव येणार, सगळा बँकच खाणार, आणि कामगारांच्या वाट्याला शून्य. लिलावाची जाहिरात पुढच्या महिन्यात. आणि आता हे बक्षीसपत्र मध्ये आडवं पडलेलं.

"कोर्ट रद्द करील ते?" सरोजने विचारलं.

"करील. नादारी मागणाऱ्याने घर दान केलं की कोर्टाला ती लपवाछपवीच वाटते. पण रद्द होईस्तोवर लिलाव होऊन जाईल."

"आणि मंडळाने परत दिलं तर?"

"मंडळ नोंदलेला ट्रस्ट आहे ना काकू? ट्रस्टची मिळकत द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. द्यायला एक दुपार पुरली. परत घ्यायला वर्षं जातील." मग तिला काहीतरी सुचलं. "अण्णा, मंडळातर्फे घेणारे म्हणून सही कोणी केली?"

"मीच. चिटणीस आहे ना मी."

"देणारे तुम्ही आणि घेणारेही तुम्हीच? समितीचा ठराव?"

"कसला ठराव? भर कीर्तनात दिलंय. सगळी मंडळी साक्षीला होती."

दीप्ती पहिल्यांदा हसली. "घेणाऱ्याने घेतलं तरच दान पुरं होतं. समितीने ठराव करून लिहून द्यावं, आम्ही हे घेतलेलं नाही आणि घ्यायचंही नाही. तो ठराव घेऊन मी बँकेतही जाईन आणि कोर्टातही."

घरी परत येताना सरोजच्या डोळ्यांसमोर गुणाजी होता. बाळकुमचा गुणाजी, कारखान्यातला सर्वांत जुना मशीनवाला. दर खंडेनवमीला मशीनला हार घालायचा आणि तिच्या हातचा मसालेभात दोनदा मागून घ्यायचा. कारखान्याला टाळं लागलं त्या दिवशी तो तिला म्हणाला होता, "वयनी, शेटचा मना काय बोलायचा नाय. पन पोरीची फी भरायची हाय." आणि ती म्हणाली होती, "तुमचा पगार मी बुडू देणार नाही." कशाच्या जोरावर म्हणाली होती, देव जाणे. पण म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी ती भिडेकाकांकडे गेली. भिडेकाका पेटी उत्तम वाजवत, आणि आपण आयुष्यात कधी खोटं बोललो नाही हे पेटीपेक्षाही जास्त वेळा ऐकवत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"वहिनी, मी अण्णांना हार घातलाय. बुक्का लावलाय. आता 'घेतलं नाही' असं लिहून देऊ? म्हणजे खोटंच की हो."

"ठराव नव्हता झाला ना? मग नाही घेतलं असं लिहायला काय हरकत आहे?"

"ठराव माणसांचा. देवाने तर घेतलंय."

सरोजला वाटलं, यांच्या पेटीचा भाता काढून खिडकीतून फेकून द्यावा. "काका, उत्सवाच्या वर्गणीला दर वर्षी म्हणता, अजून निम्मीच जमलीय. ती पुरी जमली तरीही तेच म्हणता. तेव्हा देव कुठे जातो?"

"ते वेगळं, वहिनी."

"सगळं वेगळंच असतं तुमचं!" म्हणून ती उठली. चहा तसाच राहिला.

जिन्यात महेंद्र भेटला. रेल्वेच्या लोको शेडमधून ड्यूटी संपवून आलेला, हातात डबा. "काकू, काय झालं? बँकवाले विचारतायत. माझी आई पण रोज विचारते, खालचं घर कधी मिळणार. तिच्या गुडघ्यांना तीन मजले नाही झेपत आता."

"होईल रे. आमच्या देवमाणसांना जरा आवरते," सरोज म्हणाली. तो हसला. ती नाही हसली.

समितीची बैठक खांबेट्यांच्याच हॉलमध्ये भरली, कारण मंडळाला दुसरी जागाच नव्हती. अण्णा, भिडेकाका, तबल्यावर बसणारे सोहोनी, आणि शाळेत संगीत शिकवणारी क्षिप्रा, जिच्या गळ्यात, सगळ्यांत तरुण म्हणून, प्रत्येक वेळी इतिवृत्त पडायचं. सरोज समितीत नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

भिडेकाका सुरू झाले. दान, संकल्प, साक्ष. सोहोनी म्हणाले, आपल्याला हक्काचा हॉल मिळाला असता, केवढी सोय झाली असती, पण बघा बुवा. क्षिप्रा म्हणाली, "काका, कामगारांचे पगार आहेत त्यात," तर भिडेकाका म्हणाले, "अगं, देव त्यांचंही बघेल." अण्णा मान खाली घालून बसले होते, आणि ती खाली घातलेली मानसुद्धा सरोजला त्या क्षणी असह्य झाली. एवढी मोठी मान, इतकी वर्षं वर होती तेव्हा तिने कधी घराकडे बघितलं नाही!

ती बाहेर आली. हात पदराला पुसले.

"घ्या मग," ती म्हणाली.

सगळे बघायला लागले.

"घ्या घर. आत्ता घ्या, ठराव करून घ्या. पण ते एकटं येत नाही. कर्जासकट येतं. एक तारखेपासून हप्ता मंडळाचा. थकलेले हप्तेही मंडळाचे. बँकेची नोटीस आली की ती अध्यक्षांच्या दारावर चिकटवायची. लिहून घे क्षिप्रा."

सोहोन्यांनी मांडीवर बोटं वाजवायची थांबवली. "म्हणजे हॉल असा फुकट नव्हता तर."

"अहो, पण वहिनी," भिडेकाका चाचरले, "कर्जाचं अण्णांनी कीर्तनात काही सांगितलं नव्हतं."

"नव्हतं ना? मग तुम्ही काय घेतलंत त्या दिवशी? घराचा गोड भाग. हार, टाळ्या, गजर. कर्ज कोणी घेतलं? घ्यायचं तर सगळं घ्या. नाहीतर लिहा, आम्ही घेतलेलंच नाही. त्यात खोटं कुठे आहे, मला दाखवा."

भिडेकाका हा माणूस हेकट होता, पण अप्रामाणिक नव्हता. शेवटी म्हणाले, "खरं आहे. अर्धं घेणं म्हणजे घेणं नव्हे. क्षिप्रा, लिही."

क्षिप्राने लिहिलं. तिने सही केली, सोहोन्यांनी केली, भिडेकाकांनी केली. कागद अण्णांपुढे आला. चिटणिसाची सही राहिली होती.

अण्णांनी पेन धरलं आणि तसंच धरून ठेवलं. "तुम्ही सगळे सोडा. पण मी दिलंय, सरोज. पाणी सोडलंय. दिलेलं परत कसं घेऊ? आयुष्यात काही करता आलं नाही मला. कारखाना बुडवला. हे एक तरी चांगलं केलं असं वाटत होतं."

भिडेकाकांनी डोळे मिटले. आणि सरोजला रडू आलं नाही, रागच आला. या माणसावर माया होती म्हणूनच इतका राग.

"तुम्ही दुसऱ्याच्या ताटातलं उचलून देवापुढे ठेवलंत, आणि त्याला नैवेद्य म्हणालात," ती म्हणाली. "त्या घरात बँकेचा वाटा होता. गुणाजीच्या पगाराचा होता. देव काय असा उपाशी बसलाय, की गुणाजीच्या पोरीच्या फीवर जेवेल? करा सही."

"पांडुरंगाला काय वाटेल?"

"त्याला बरं वाटेल. निदान बँकेचा फोन तरी येणार नाही त्याला."

सोहोन्यांना हसू आवरेना. अण्णाही डोळ्यांत पाणी असताना किंचित हसले, आणि त्यांनी सही केली.

मग गोष्टी हलल्या, पण सरकारी गोष्टी हलतात तशा. बँकेने जाहिरात थांबवली. कोर्टाने विक्रीला परवानगी दिली. महेंद्र आणि त्याची आई कांताबाई खाली राहायला आले. कांताबाईंनी सरोजला जवळ घेऊन सांगितलं, "ताई, कधीही या, घर तुमचंच आहे." सरोज म्हणाली, "नको हो, पुन्हा कोणाचंच नको म्हणू या त्याला." खांबेटे दोघं बाळकुमला भाड्याच्या दोन खोल्यांत गेले. बँकेने आपलं घेतलं. उरलेली रक्कम कामगारांच्या हातात नाही पडली. ती कोर्टात जमा झाली, कारण कोणाला किती हे कोर्ट ठरवणार.

तिथून पुढे तारखा. एका तारखेला साहेब रजेवर, एका तारखेला फाइल वर गेलेली, एका तारखेला कागदवाल्याच्या वकिलाने हरकत घेतलेली. अण्णा येत नसत. "मला तिथे बघवत नाही," म्हणत. सरोज दर तारखेला जाई, बाकावर बसे, आणि तिच्या शेजारी गुणाजी.

"वयनी, पैसं हायेत ना पन?"

"आहेत. कोर्टात आहेत. बुडलेले नाहीत."

"मंग देत का नाय?"

"मला समजलं असतं तर मीच न्यायाधीश झाले नसते का?"

गुणाजी हसला. पोरीची फी त्याने मेहुण्याकडून उसनी घेऊन भरली होती, आणि मेहुणा आता रोज आठवण करत होता. हे सगळं त्याने हसत हसतच सांगितलं. सरोजला वाटलं, आपण शब्द दिला, तो पाळलाही, आणि तरी माणसाच्या हातात काही नाही. असं पाळणं काय कामाचं?

शिपाई बाहेर आला. "आज बोर्ड मोठा आहे, खूप केसेस आहेत. खांबेटे मॅटर नाही लागणार बहुतेक. जा तुम्ही घरी."

"बहुतेक म्हणजे?" सरोजने विचारलं.

"म्हणजे नाहीच लागणार, आजी."

गुणाजी उठायला लागला. सरोजने त्याच्या बाहीला धरून त्याला खाली बसवलं.

"बसा. त्यांना बहुतेक म्हणू दे. नाव पुकारेपर्यंत आपण उठायचं नाही."

शिपायाने खांदे उडवले आणि तो आत गेला. दोघं बसून राहिली.