पुलाच्या मालकाचं हाड

माझा म्हातारा साबीर ओढ्याच्या अलीकडच्या काठावर वारला. छातीत कळ आली तशी ॲम्ब्युलन्स आली, पण पलीकडेच थांबली. पूल म्हणजे तीन फळ्या, त्यातल्या दोन पाण्यानं नेलेल्या. डॉक्टरीण पिशवी डोक्यावर घेऊन कंबरेएवढ्या पाण्यात उतरली, तोवर त्यानं माझ्या मांडीवर मान टाकली होती.

पूल कुणाचा, हे विचारत मी आधीची तीन वर्षं फेऱ्या मारल्या होत्या. पाण्याच्या खात्याचा मेदेर म्हणायचा, वरून माणसं जातात, म्हणजे रस्तेवाल्यांचा. रस्त्यांचा झुमाश म्हणायचा, खालून पाणी जातं, म्हणजे पाणीवाल्यांचा. आणि गावच्या कचेरीचा प्रमुख ओरमोन, ज्यानं 'आता राजधानीचे अधिकार आपल्या हातात आले' म्हणून फेटे उडवल्यासारखी भाषणं ठोकली, तो साबीरच्या मातीला आला, माझा चहा प्याला आणि म्हणाला, "आपा, वेळेत अर्ज केला असता तर काहीतरी झालं असतं."

मी त्याला आणखी चहा ओतला. तेव्हाच ठरवलं.

वर्ष झालं तशी घोडी कापून मेलेल्याच्या नावानं तीन गावांना जेवण घातलं. या जेवणाला बोलावलेला माणूस आला नाही, तर गावात पुन्हा तोंड दाखवू शकत नाही. तंबू मी मुद्दाम ओढ्याकाठी, साबीर गेला त्याच जागी ठोकला. तिघे साहेब विजारी वर खोचून, बूट हातात धरून पाण्यातून आले.

"पूल आज गार लागला का हो?" माझी नणंद गुलबारा म्हणाली.

तिघांना मी मानाच्या जागी शेजारी शेजारी बसवलं. ताटात जांबश आलं. मांडीच्या वरचं हे मांसल हाड सगळ्यात मोठ्या पाहुण्याचं. ओरमोनचा हात सवयीनं पुढे आला. मी ताट सोडलं नाही.

"थांब पोरा. आज हे पुलाच्या मालकाचं. घेतोस?"

हात मागे गेला. "आपा, हा विषय कचेरीत बोलू."

"कचेरीत मी बोलून झाले. आता तुम्ही माझ्या दारात आहात."

"झुमाशला द्या, वयानं मोठा आहे तो," मेदेर म्हणाला.

"मला पित्त होतं," झुमाश म्हणाला.

अख्खं गाव हसलं. मी हसले नाही. ताट उचललं आणि दाराशी बसलेल्या कुत्र्याकडे वळले. "मालक नाही ना कुणी? मग यालाच देते."

तीन साहेबांचा मान कुत्र्याच्या तोंडात, तोही तीन गावांच्या देखत. झुमाश उठलाच. "आपा, थांबा. लाकूड माझ्याकडे पडलंय. पण पाण्यात पाया घालायची परवानगी मला नाही."

"परवानगी मी देतो," मेदेर पुटपुटला, "पण माणसं कुठून आणू?"

सगळे ओरमोनकडे बघायला लागले.

"अशार करू," तो म्हणाला. "सगळे मिळून बांधू, घरटी एक माणूस देऊ."

"येतील माणसं," मी म्हणाले. "तूही येशील, फावडं घेऊन. डॉक्टरीण उभी होती तिथं उभा राहशील."

मग एकाच ताटात, एकाच सुरीनं तिघांनी ते हाड वाटून खाल्लं. चार वर्षांत पहिल्यांदाच ते एकमेकांशी बोलत होते, वाळू कुणाची नि खिळे कुणाचे.

पूल अकरा दिवसांत झाला. रोज मी काठावर स्टूल टाकून बसायचे.

"आपा, पाय बधिर झालेत. जरा वर येऊ?" ओरमोन विचारायचा.

"पूल झाला की ये. चालत."

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी आशीर्वादासाठी ओंजळी पुढे केल्या. सगळ्यात म्हातारी मी, म्हणून तो मीच द्यायचा होता. झुमाशचं नाव घेतलं, मेदेरचं घेतलं, भाकरी घेऊन येणाऱ्या बायकांची एकेक करून घेतली. ओरमोन पुलाच्या तोंडाशी, माझ्यासमोर मान खाली घालून उभा होता. मी दोन्ही हात तोंडावरून फिरवले आणि आशीर्वाद संपवला.

तो तसाच वाकून राहिला. मागून दवाखान्याची गाडी पुलावर आली, तिनं हॉर्न दिला आणि त्याला बाजूला व्हावं लागलं.