लघिमानंदांचा वजनकाटा

“आशाबाई नानासाहेब, पाच दिवसांत पाच किलो आठशे.”

लाउडस्पीकरवरून आकडा आला आणि बिडकीनचं मंगल कार्यालय टाळ्यांनी दणाणलं. आशाबाई माझी वहिनी. स्टेजवरच्या काट्यावरून उतरून ती लघिमानंद महाराजांच्या पाया पडली. महाराज माइकमध्ये म्हणाले, “लघिमा म्हणजे हलकं होण्याची सिद्धी. हा काढा फक्त निमित्त, माते. तुझं जडत्व मी पृथ्वीला परत केलं.” पृथ्वीनं त्याची पोच दिली का, हे कुणी विचारलं नाही.

मी वीस वर्षं ट्रकांच्या वजनकाट्यावर काम करतो. कुणाचंही वजन असं झटकन उतरलं की मला आधी शंका येते.

वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. संभाजीनगरच्या सर्जननं सांगितलं, दहा किलो कमी करून या. कसं करायचं ते सांगायला त्यांना वेळ नव्हता. महाराजांकडे वेळच वेळ होता. एकवीस दिवस रोज दोन पेले काढा आणि मूठभर राजगिऱ्याच्या लाह्या, दुसरं काही नाही.

वहिनीला शुगरच्या गोळ्या चालू आहेत. मी ते पहिल्याच दिवशी सांगितलं. महाराज मोठ्या मनानं म्हणाले, “गोळ्या खुशाल घ्या. आम्ही डॉक्टरांच्या विरोधात नाही.” माझा थोरला भाऊ नाना तेवढ्यावर विरघळला. “बघ, किती समजूतदार माणूस हाय. तुलाच लई शंका.”

तिसऱ्या दिवशी वहिनीचे हात कापायला लागले, दरदरून घाम यायला लागला. “जडत्व निघतंय म्हणतेत महाराज,” ती म्हणाली. “लई हलकं वाटतंय, भाऊजी.” मी भांडलो. नानानं माझ्याशी बोलणं सोडलं.

आणि आज टाळ्या चालू असतानाच वहिनी स्टेजच्या पायरीवर बसली. तिला माझं नाव आठवेना.

समोरच्या दवाखान्यातून डॉ. अश्लेषा धावत आल्या. बोटातून रक्ताचा थेंब घेतला. साखर पंचेचाळीस, म्हणजे फारच कमी. वहिनीला अजून गिळता येत होतं, म्हणून त्यांनी लगेच साखरेचं पाणी पाजलं. “साखर खाली आणणारी गोळी घ्यायची आणि जेवायचं नाही,” त्या नानाला म्हणाल्या. “अजून थोडा उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं.”

नाना म्हणाला, “पर वजन तर उतरलं ना, डाक्टरीणबाई.”

माझं डोकंच फिरलं. मी स्टेजवर चढलो.

पहिल्या दिवशी, संकल्पाच्या संध्याकाळी, वहिनीला दोन लिटर ‘संकल्पजल’ पाजलं होतं. मग ओटी भरली, नारळ, सव्वा किलो गहू, खण. आणि तशीच काट्यावर उभी केली. भरलेली ओटी मध्येच खाली ठेवायची नसते, हे प्रत्येक बाईला माहीत. महाराजांना जास्तच माहीत. आज मात्र वजन सकाळी, उपाशीपोटी, रिकाम्या पदरानं. गाडी भरून एकदा तोलायची, रिकामी करून एकदा तोलायची, हे तर माझं रोजचंच काम.

संध्याकाळच्या नव्या संकल्पांसाठी ओट्या मांडून ठेवल्याच होत्या. त्यातली एक उपरण्यात घेतली, हातात पाण्याच्या लिटरच्या दोन बाटल्या धरल्या. काट्यावर त्र्याहत्तर आठशे. सगळं खाली ठेवलं. सत्तर.

“पाणी पोटात असो नाहीतर हातात, काट्याला तेच,” मी म्हणालो. “अर्ध्या मिनिटात तीन किलो आठशे.”

पहिल्या रांगेतल्या केसरबाईंनी हात जोडले. “महाराजांची किरपा भाऊवर बी झाली.”

अशा वेळी काय करावं, मला खरंच कळत नाही. महाराजांना मात्र कळलं. त्यांना वेरूळची पूजा आठवली आणि ते मागच्या दारानं निघाले.

“उरलेल्या दोन किलोंतही बरंचसं पाणीच,” डॉक्टर म्हणाल्या. “इतकं कमी जेवण आम्हीही काही जणांना देतो. पण आधी रक्त, किडनी, हृदय तपासतो. गोळ्या कमी करतो, काही बंद करतो. पुढेही दर आठवड्याला बघतो. आणि सगळ्यांना ते चालत नाही.”

“मग ते हलकं वाटायचं, ते काय व्हतं?” वहिनीनं विचारलं.

“बेशुद्ध पडायची सुरुवात.”

वाचणाऱ्यांनो, उपाशी राहिलं की वजन उतरतं, त्याला सिद्धी लागत नाही. जीव सांभाळून उतरवायला मात्र तपासणी लागते. आपल्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि काट्यावर चढण्याआधी पदरात काय आहे ते बघा.

वहिनीला डॉक्टरांनी दिवसभर दवाखान्यातच ठेवून घेतलं, साखर पुन्हा उतरू शकते म्हणून. नानानं घरून डबा आणला. वहिनीनं डब्याला हात लावला नाही. आधी डॉक्टरांकडे, मग नानाकडे बघितलं.

“भाकर खाल्ली तर चालंल ना?” तिनं हळूच विचारलं.

नानानं डबा उघडला आणि मान खाली घालून तिच्यासाठी भाकर मोडायला लागला.