धर्मराजची जागा

मित्रांनो, मी एक जुना रणगाडा आहे आणि एका जागी उभे राहणे मला अजून जमलेले नाही. पनवेलच्या एका चौकात मला चौथऱ्यावर बसवले, त्याला पुष्कळ वर्षे झाली. समोरून उरणच्या बंदराकडे कंटेनर धावायचे, रस्ता हादरायचा आणि माझे साखळीचे पट्टे उगीचच शिवशिवायचे. इंजिन तर पोटातून केव्हाच काढून नेलेले.

माझी रेजिमेंट पूर्वी घोडदळाची होती. घोडे गेले, आम्ही आलो, पण रीत तीच राहिली. शिपायाला आमच्याकडे सवारच म्हणत. पूर्वी सवार आधी घोड्याला चारापाणी करी, मग स्वतः जेवी. माझ्या सवारांनीही मला तेलपाणी केल्याशिवाय कधी घास घेतला नाही. मग चौघे एकाच ताटात जेवत. तिथे कोणी हुद्दा पाहत नसे.

त्या चौघांतले दोघे इकडचेच. विचुंब्याचा बळीराम मला चालवी, आपट्याचा धर्मराज माझी तोफ डागी. एकाहत्तरच्या लढाईत एक गोळा माझ्या तोफेच्या घुमटावर आदळला आणि धर्मराज जागीच गेला.

पुढे मला निवृत्त करून इथे आणले. पहिल्या दिवशी हार पडले, भाषणे झाली. नंतर माझ्यावर वाढदिवसाचे फलक लागले आणि तोफेच्या नळीत शेंगांची टरफले साचली. मुले आत अडकू नयेत म्हणून माझी झाकणे वेल्डिंगने बंद झाली. बळीराम मात्र रोज येई. बसत कधी नसे. माझ्याभोवती फेऱ्या घाली आणि निघून जाई.

यंदा रस्ता रुंद करायचा ठरला. मला ओवे गावाजवळच्या बागेत हलवणार होते. क्रेन आली त्या सकाळी रिक्षातून एक बाई उतरली. ती धर्मराजची मुलगी किशोरी. बाप गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. आता तिचेच केस पिकले होते.

"बळीकाका, मला एकदा बाबांच्या जागेवर बसायचंय," ती म्हणाली. "आई होती तोवर तिला हा विषय सोसायचा नाही."

बळीरामने कामावरच्या इंजिनिअर नीताताईंना गाठले.

"आजोबा, झाकण कापावं लागेल. आत सगळा गंज. आणि क्रेन अडली की ट्रॅफिक जॅम!" त्या म्हणाल्या.

"ताई, हिचा बाप यात मेला हाय. हिला एकदा बसू द्या. मंग खुशाल उचला."

नीताताईंनी एकदा किशोरीकडे पाहिले. मग त्यांनी वेल्डरला हाक मारली, "प्रितेश, कटर आण. दोन्ही झाकणं काप."

झाकणे निघाली. आत जरा वारा खेळल्यावर किशोरी वरून घुमटात उतरली. पंचाहत्तरी ओलांडलेला बळीराम पुढच्या झाकणातून कण्हतकुथत आपल्या जागी शिरला. तिथून तोफेजवळचा माणूस दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो.

"काका, इतकं अरुंद? बाबा मावायचे कसे?"

"गुडघे छातीशी घेऊन. आनि सारखा बोलायचा. माझ्या कानाला हेडफोन, त्यात त्याची बडबड."

"आणि शेवटी?"

बळीरामने माझे चालवायचे दांडे हातात धरले.

"गोळा लागला आनि तो गप झाला. मला वाटलं, तार तुटली. मी आपला बोलतच व्हतो त्याच्याशी, माघारी येईपर्यंत. वरच्या दोघांतल्या कुनी सांगितलंच नाय मला."

"काय बोलत होतात?"

"काय नाय गं. भातलावणीचं. घरी गेलो की नदीवर मासं धरू, असलं कायबाय."

"मग आता बोला, काका," मागून आवाज आला. "मी ऐकतेय."

आणि बळीराम बोलू लागला. आधी अडखळत, मग भडाभडा. बाहेर हॉर्न वाजत होते, लोक ओरडत होते. नीताताईंनी क्रेनवाल्याला हातानेच थोपवून धरले होते.

आता मी बागेत आहे. डोक्यावरून विमाने जातात आणि जीव काही थाऱ्यावर नाही. मित्रांनो, माझ्यावर खुशाल चढा, फोटो काढा, फक्त नळीत कचरा टाकू नका. आणि तुमच्या आळीत एखादा म्हातारा सवार असेल, तर त्याच्याबरोबर कोण कोण होते, एवढेच त्याला विचारा. तो लगेच बोलणार नाही. तुम्ही उठू नका.