भाकरींमधलं हिरवं इरकल

खोटं बोलायचं तर माणसानं एकट्यानं बोलावं. सगळं घर मिळून खोटं बोलायला बसलं की कुणाच्या तोंडातून, नाहीतर कुणाच्या हातातून, खरं सांडल्याशिवाय राहत नाही. सोलापूरच्या बाळीवेशीतल्या चंद्रिकाला हे आधी कुणी सांगितलं असतं तर पुढचा घोर टळला असता. पण सांगणार कोण? घरातलं शहाणं माणूस म्हणजे तिची सासू नागव्वा, आणि नागव्वाच तर गेली होती.

गेली तीही कशी! दुपारी तव्यावरची शेवटची कडक भाकरी उतरवली, चवड नीट रचली, "काव्याचं पार्सल उद्या करू गं," म्हणाली आणि जरा पाठ टेकते म्हणून आत गेली. चंद्रिका चहाला उठवायला गेली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

काव्या म्हणजे नागव्वाची एकुलती एक लेक, चंद्रिकाची नणंद. नवऱ्याच्या नोकरीपायी पार गुवाहाटीला जाऊन पडलेली. दोनदा पोटातलं गेलेलं. आता तिसऱ्यांदा सातवा महिना सरलेला, रक्तदाब चढलेला, आणि गादीवरून उठायचं नाही अशी डॉक्टरची ताकीद. तिचा नवरा विरेश फोनवर लहान पोरासारखा रडला. "शिवादादा, हिला आत्ता कळलं तर बाळ न्हाय राहायचं. बाळ हातात येईस्तोवर कुणी तोंड उघडू नका." शिवकुमारनं, म्हणजे चंद्रिकाच्या नवऱ्यानं, आईला माती देऊन आल्या आल्या घरादाराला दम भरला. ठरलं ते असं, की अव्वाच्या, म्हणजे आईच्या, घशाचं ऑपरेशन झालंय आणि डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय.

चार दिवस निभावलं. मग काव्या खोदायला लागली.

"बोलू नको म्हणावं अव्वाला. नुसतं दाखव की."

"आत्ताच औषध घेऊन झोपल्यात गं."

"कवा बघावं तवा झोपलेली! आणि भाकरीचं काय झालं? करून ठेवते म्हणाली होती. वहिनी, खरं सांग, लई बरं न्हाय का तिला?"

चंद्रिकाच्या तोंडचं पाणी पळालं. "उद्याच धाडते की," ती म्हणून गेली. म्हटलं तर बरंच झालं. अव्वाच्या हातच्या भाकरी डोळ्यांनी दिसल्या की पोरीचा जीव थाऱ्यावर येईल. नागव्वाची भाकरी लाखात ओळखू यायची. काठाला तीन बोटं दाबलेली, तीळ आतून चेपलेले. पण ती जायला हवी अख्खी. पापडासारखी पातळ कडक भाकरी, सोलापूर ते गुवाहाटी, किती गाड्या, किती हमाल! चुरा पोचला तर चुऱ्याला कुणाची बोटं दिसणार? आणि मोडली म्हणून दुसरी थापायला नागव्वा थोडीच परत येणार होती?

तेव्हा प्रश्न होता भरणाचा. खोक्यात भाकरीच्या मधे आणि बाजूला जे कोंबायचं त्याला नागव्वा भरण म्हणायची.

खोकं मधे ठेवून चंद्रिका बसली. समोर पार्वतम्मा, म्हणजे शिवकुमारची आत्या, मैंदर्गीहून मातीला आलेली ती अजून मुक्कामाला होती. म्हातारीनं आपली मदत म्हणून कोनाड्यातला पेपरचा गठ्ठा ओढला आणि एक पान चुरगाळून खोक्यात टाकलं.

चंद्रिकानं ते झडप घालून काढलं. उलगडलं तर आत नागव्वा हसत होती. गळ्यात हार, खाली "लिंगैक्य" आणि शोकाकुल परिवाराची नावं. फोटो आला म्हणून शिवकुमारनं त्या दिवशीचा गठ्ठाच आणला होता.

"अय्यो शिवने!" आत्यानं तोंडावर हात ठेवला. "मला मेलीला वाचता कुटं येतंय!"

"फोटो तर दिसतोय की आत्या!" चंद्रिका ओरडली आणि मग तिलाच रडू फुटलं. पेपरचा अख्खा गठ्ठा तिनं माळ्यावर फेकला. त्यानंतर मात्र ती हात लावण्याआधी प्रत्येक वस्तू दोनदा उलटून बघायला लागली.

दुकानातून जेवायला आलेल्या शिवकुमारनं अक्कल पाजळली. "टॉवेल घाल की चार. सोलापुरात काय टॉवेलाला तोटा हाय?"

"कोरा टॉवेल? खळीचा वास मारतोय तो. भाकरीला लागंल. आणि अव्वानं कवा टॉवेल घातला होता? पोरगी येडी हाय का?"

तो मुद्दा बिनतोड होता. नागव्वाची रीत ठरलेली. दोन भाकरींच्या मधे जुन्या सुती लुगड्याचा धुतलेला तुकडा, आणि चारी बाजूंनी टरफलासकट भाजलेल्या शेंगा, गच्च. "आधी भाकरी खा, मग भरण खा," असं ती लेकीला सांगायची, आणि काव्या हमखास उलटं करायची. शेंगा घरात होत्या. अडलं ते कापडापाशी. चिंध्यांचं गाठोडं नागव्वाच्या अंथरुणाबरोबर आत्यानं पहिल्याच दिवशी घराबाहेर घालवलेलं. चंद्रिकाच्या साड्या सगळ्या सुळसुळीत. दोन भाकरी मधे घालून बघितलं, तर भाकरी घसरून काठाला काठ आपटला आणि टवका उडाला. नागव्वाच्या हातच्या भाकरीचा टवका! चंद्रिकानं तो उचलून कपाळाला लावला आणि ती भाकरी बाजूला ठेवली.

मग तिनं सासूचं कपाट उघडलं. वरच हिरवं इरकल लुगडं होतं, लाल पदराचं. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. नाकाशी धरलं तर शिकेकाई आणि विभूती, म्हणजे साक्षात नागव्वाच. चंद्रिकाला वाटलं, खोक्यातून हा वास आला की काव्याला पटेल, अव्वानंच भरलंय. तिनं डोळे मिटले, दातानं काठ तोडला आणि टर्रकन फाडलं. अर्ध्या लुगड्याचे तुकडे झाले.

कुरियरच्या दुकानात चन्नप्पा बसायचा, तोंडानं फटकळ पण कामाचा माणूस. त्यानं फुग्यांचं प्लास्टिक दाखवलं, थर्माकोल दाखवलं, शेंगा बघून कपाळाला हात लावला. "वहिनी, मी पार्सल धाडतो का बाजार?" मग त्यानं खोकं कानाशी धरून गदागदा हलवलं. आवाज म्हणून आला नाही.

"भले!" चन्नप्पा म्हणाला. "बोलणारं खोकं मोडतं वहिनी, गप बसणारं पोचतं. जाऊ द्या बिनघोर."

आणि ती खरंच बिनघोर घरी आली हो! किती दिवसांनी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी आत्या नागव्वाची लुगडी वाटायला काढून बसली. जवळच्या बायकांना एकेक द्यायची रीत. घड्या घालता घालता म्हातारी थांबली. "चंद्री, ते हिरवं कुटं गेलं गं? हितं अर्धंच दिसतंय."

चंद्रिकानं मोठ्या कौतुकानं सांगितलं. वासाचं, मऊपणाचं, सगळं. आत्याचा चेहरा बघता बघता पांढरा पडला.

"अगं येडे," ती म्हणाली, "जिती बाई आपलं नेसतं लुगडं फाडून भाकरीला गुंडाळंल का?"

चंद्रिकाच्या हातातला तांब्या पडला. खरंच की! पेपर टाळला, टॉवेल टाळला, आणि आपल्याच हातानं वैऱ्यासारखं काय करून बसलो आपण? नागव्वा जिवंत असती तर त्या लुगड्याला कात्री दाखवायची कुणाची छाती होती? करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते हेच.

ती तशीच अनवाणी रिक्षात बसली. चन्नप्पा म्हणाला, माल कालच होटगी रोडच्या गोदामात गेला. शिवकुमारला बोलावून दोघं गोदामात पोचले, तर तिथला माणूस म्हणाला गाडी सकाळीच सुटली. चंद्रिका त्याच्या अक्षरशः पाया पडली. तो बिचारा मागं सरला. "ताई, गाडीच न्हाय तर काढू कुटनं?"

रस्त्यात शिवकुमार तिच्यावर खेकसला. "तुला एवढं पण कळू नये? माझी बहीण हाय ती!"

"आणि मला कोण हाय?" चंद्रिका फाटकन बोलली. "रोज तिच्या तोंडावर खोटं कोण बोलतंय? तुमी का मी? तुमी तर फोन वाजला की दुकानात पळताय!"

शिवकुमारनं खिशातून फोन काढला.

विरेशला लावला. तो घाबरला, पण म्हणाला, "मी गेटवरच घेतो. तुकडे काढून दुसरं कापड घालतो. काळजी करू नका." काळजी करू नका! सांगणाऱ्याचं काय जातंय? पार्सल कुठवर आलं ते मोबाईलवर दिसायचं. चंद्रिका घडीघडीला ते उघडून बघायची. भाजीत मीठ पडेना, डोळ्याला डोळा लागेना. एक बातमी त्या पोरीच्या पोटातलं बाळ घेऊन जाईल, आणि ती बातमी मी पोचवली, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. आत्या आपली जपमाळ ओढत म्हणायची, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं ऱ्हातंय का?" चंद्रिकाला वाटायचं, म्हातारीला मैंदर्गीला पोचवून यावं.

आणि एका दुपारी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर काव्या, उशांना टेकलेली, आणि मांडीपाशी खोकं.

"वहिनी! आलं! विरेश कामावर हाय, शेजारच्या बाईनं घेतलं. अव्वाला आण की समोर. तिच्यासमोर उघडते."

चंद्रिकाची पाचावर धारण बसली. "काव्या, थांब. विरेश येऊ दे. तू वाकू नको."

"वाकत न्हाय गं. अव्वा?"

"झोपल्यात. आत्ताच."

काव्यानं क्षणभर बघितलं, आणि चिकटपट्टी ओढली. आधी शेंगा. नेहमीसारखी एक फोडून तोंडात टाकली, हसली. मग चवड वर काढली. वरची भाकरी अख्खी. काठावरची तीन बोटं स्पष्ट दिसत होती. काव्यानं त्यावर आपली बोटं ठेवून बघितली.

मग तिनं खालचा तुकडा ओढला.

तो तिनं मांडीवर पसरला. दुसरा काढला. तिसरा लाल काठाचा निघाला. भाकरी अख्ख्याच होत्या, सगळ्या, पण काव्या आता भाकरींकडं बघतच नव्हती. इकडं कॅमेऱ्याच्या बाहेर आत्यानं तोंडात पदर कोंबला. चंद्रिकाला काहीतरी बोलायचं होतं. उंदरानं कुरतडलं म्हणावं, इस्त्रीनं जळलं म्हणावं. पण तेवढ्यात काव्यानं मान वर केली.

"वहिनी," काव्या म्हणाली, "हे अव्वाचं हिरवं."

"व्हय."

"बारशाला हेच नेसणार म्हणाली होती ती. माझ्या बाळाच्या बारशाला."

काव्यानं कापड नाकाशी धरलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. तिचे खांदे एकदा हलले. मग एक हात पोटावर गेला आणि तिथंच राहिला.

"बाळाच्या दुपट्यासाठी फाडलं असंल तिनं," काव्या सावकाश म्हणाली. ती सरळ चंद्रिकाच्या डोळ्यांत बघत होती. "आजीच्या लुगड्याचीच करतात न्हाय का दुपटी?"

"व्हय," चंद्रिका कशीबशी म्हणाली. "व्हय की."

"मग उरलेलं नीट ठेव. आत्या आली असंल ना? तिला सांग, बाकीची लुगडी वाट, एवढं कुणाला देऊ नको."

आत्या मुक्कामाला आहे हे काव्याला कुणीच सांगितलं नव्हतं. लुगडी वाटायची गोष्ट तर कुणी काढलीच नव्हती. चंद्रिकाचा बांध फुटला. "काव्या, अगं काव्या..."

"गप, वहिनी." काव्याचा आवाज चिरकला, पण तिनं तो आवरला. "रडू नको माझ्यासमोर. मला पण डॉक्टरांनी बंदी केलीय. रडायची." तिनं लांब श्वास घेतला, सोडला, परत घेतला. "आता मी अव्वाला दाखव म्हणून मागं लागणार न्हाय. तिचा घसा बरा व्हायला वेळ लागंल. बाळ झालं की मीच घेऊन येते तिकडं. तवा सगळं नीट बसून सांग मला. कशी... काय झालं ते."

"सांगते."

"आणि विरेशला यातलं बोलू नको. तो लई भितोय. मला काय झालं तर म्हणून रात्रभर जागतो येडा."

तिनं वरच्या भाकरीचा एक तुकडा मोडला. बोटांचा काठ राखून, पलीकडचा. कटकन आवाज झाला. ती तो चावत राहिली, गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती चावत होती. मग पडदा काळा झाला.

आत्या आणि चंद्रिका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. फोन अजून हातातच होता, तोच तो परत वाजला. विरेश होता, धापा टाकत.

"वहिनी, घात झाला! पार्सल शेजारच्यांनी घेतलं. मी निघालोय घरी. तिचा फोन आला होता का? तिनं उघडलं का? तुकडे बघितले का तिनं?"

चंद्रिकानं पदरानं नाक पुसलं. समोर आत्याच्या मांडीवर हिरव्या इरकलाचा उरलेला अर्धा भाग होता.

"उघडलं की," ती म्हणाली. "एक भाकरी मोडली न्हाय बघा. खातीय मजेत. तिला काय कळलं न्हाय."