पडद्यावरची रिकामी खुर्ची

वीस वर्षं पाळणाघर चालवलेल्या ताईंनी मुलांसाठी काम करणाऱ्या परदेशी संस्थेत सल्लागाराच्या जागेसाठी अर्ज केला, तेव्हा नवरा म्हणाला, "अंथरूण पाहून पाय पसरावेत." नवऱ्यांना एवढंच सुचतं!

मुलाखत संगणकावर होती. लेकीने कॅमेरा खुर्चीसमोर नीट लावून दिला.

"रडणाऱ्या मुलाला कसं समजावता?" पलीकडच्या मराठी साहेबांनी विचारलं.

ताई सवयीने टुणकन जमिनीवर बसल्या आणि बोलत सुटल्या. पडद्यावर नुसती खुर्ची उरली. लेकीने कपाळाला हात लावला.

"ताई, तुम्ही आहात कुठे?"

"खालीच की! मूल खालीच असतं ना."

साहेबांनी हातातली प्रश्नांची यादी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "आमचे आधीचे तिन्ही सल्लागार उंटावरून शेळ्या हाकत होते. तुम्ही कधीपासून येताय?"