सुतळी ओलांडलेला पेपरमिंट

मी पेपरमिंट बोलतोय. गोळी नव्हे, रोप. वीत-दीड वीत उंचीचं, जमिनीला धरून पसरणारं. पुदिना तुम्हाला माहीत असेलच, त्याच्याच घराण्यातला मी. फक्त जरा जास्त गार आणि जरा जास्त आगाऊ. घुसखोर म्हणतात मला. आरोप खोटा नाही, पण माझीही बाजू ऐकून घ्या.

मला बी धरत नाही. फुलं येतात, मधमाश्या येऊन जातात, पण बी म्हणाल तर शून्य. माझा सगळा कारभार जमिनीखालून चालतो. पांढरे, दोरासारखे आडवे फुटवे मी चहूकडे सोडतो आणि जागा मिळेल तिथे डोकं वर काढतो. मला उपटताना बोटभर तुकडा जरी मातीत राहिला, तरी मी त्यातून पुन्हा उभा राहतो. ही बढाई नाही. पुढे ते कामाला येणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

माझा जन्म एका काचेच्या पेल्यात झाला. एका बाईने आपल्या गॅलरीतल्या कुंडीतली डहाळी कापली, पेल्यातल्या पाण्यात ठेवली. आठ दिवसांत मला पांढरी मुळं फुटली. मग तिने मला ओल्या फडक्यात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि आपल्या थोरल्या बहिणीच्या घरी नेलं. या बहिणीला सगळे मावशी म्हणतात, मीही तेच म्हणतो.

मावशी सव्वीस वर्षं मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करत होत्या. पातेल्याचं झाकण उचललं की नुसत्या वाफेवरून त्यांना कळायचं, भाजी शिजलीय की खाली लागायला आलीय. मग त्यांना एक मोठा ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. कामावर परतल्या त्याच आठवड्यात दोनदा दूध करपलं. तिसऱ्या वेळी आदल्या दिवशीचं सूप टेबलावर गेलं. एका मुलीने वाटी बाजूला सारली आणि म्हणाली, "मावशी, हे आंबलंय."

वॉर्डनबाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी सहा महिन्यांची रजा दिली. तोवर नाक ठिकाणावर आलं तर स्वयंपाकघर, नाहीतर कोठी. कोठी म्हणजे सामानाची खोली. तिथे बसून बटाटे-कांदे काढून द्यायचे. मावशींना ती कोठी नको होती. सव्वीस वर्षं चुलीपाशी उभं राहिलेल्या बाईला कोपऱ्यात बसवल्यासारखं ते वाटत होतं, आणि त्या तसं बोलूनही दाखवायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उग्र वासाच्या दोन-चार वस्तू रोज हुंगा, सवयीने कधी कधी वास परत येतो. म्हणून धाकटीने मला आणलं.

"ताई, रोज सकाळी एक पान चुरडायचं आणि हुंगायचं. कंटाळा करायचा नाही," धाकटी म्हणाली.

"आणि याला लावायचं कुठे?" मावशींनी विचारलं.

"ते माझ्यावर सोपवा," मागून आवाज आला. हे मावशींचे यजमान.

हा गृहस्थ निवृत्त मोजणीदार. आयुष्यभर लोकांच्या जमिनींच्या हद्दी आखून दिलेला माणूस. घरामागच्या वाफ्यांतही त्याची टेप, खुंट्या आणि सुतळी. एका वाफ्यात कोबी, शेजारी गाजरं. त्याने कुठेतरी वाचलं होतं की कोबीच्या बुडाशी पुदिन्यासारखं काही लावलं की पांढरी फुलपाखरं वासाने गोंधळतात, अंडी घालायला येत नाहीत, आणि शिवाय जमीन झाकली जाऊन ओल टिकते. त्याने मला कोबीच्या रांगांमध्ये नेमून बसवलं, गाजरांच्या बाजूला सुतळी ताणली आणि म्हणाला, "ही तुझी हद्द."

धाकटी हसली. "भाऊजी, त्याला बुड कापलेल्या बादलीत लावा आणि ती बादली जमिनीत पुरा. सुतळीला तो ऐकायचा नाही."

"सुतळीला मी भल्याभल्यांना ऐकायला लावलंय," मोजणीदार म्हणाले.

इथे चूक झाली. सुतळी जमिनीच्या वर होती आणि मी खालून चाललो होतो. मला खरंच सुतळी दिसली नाही, शपथेवर सांगतो.

दोन महिन्यांत मी कोबीच्या पायाशी सतरंजीसारखा पसरलो. अळ्या कमी झाल्या का? थोड्या झाल्या. सगळ्या पळाल्या असं मी म्हणणार नाही, फुलपाखरंही काही अगदीच खुळी नसतात. पण तण माझ्याखाली वाढलं नाही आणि पाणी चार दिवसांनी घातलं तरी भागायचं. माझी पानं चहात गेली, काकडीवर गेली. आणि रोज सकाळी मावशी यायच्या, वाकून एक पान तोडायच्या, चुरडून नाकाशी धरायच्या.

"दहापैकी किती?" मोजणीदार शेजारी उभे राहून विचारायचे.

"अहो, शेत आहे का मोजायला?"

"तरी पण."

"गार लागतंय. वास नाही. शून्य."

रोज शून्य. आता माझा स्वभाव सांगतो. मी गर्विष्ठ आहे. जवळून जाणाऱ्या माणसाचा पाय जरी लागला तरी मी घमघमतो, आणि या बाईच्या बोटांत चिरडून घेऊनही शून्य! मला अपमान वाटायचा. पण मावशींचा चेहरा बघून तो गिळायचो. आणि त्यांच्यापेक्षा जास्त मोजणीदारांचा चेहरा पडायचा. शून्य ऐकलं की ते उगाचच खुंट्या ठोकत बसायचे.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मावशी म्हणाल्या, "एक असेल." मग दोन. मग तीन. मोजणीदार खूश. त्यांनी धाकटीला फोन करून सांगितलं, वॉर्डनबाईंनाही कळवलं. मीही फुगलो. म्हटलं, शेवटी मी कामाला आलो.

मग एक दिवस मावशींचं लक्ष कुठेतरी होतं. त्यांनी न बघता हात घातला आणि गाजराच्या कडेला उगवलेल्या एका रानटी रोपाचं पान तोडलं. दिसायला माझ्यासारखं, वासाला काहीच नाही. चुरडलं, हुंगलं आणि म्हणाल्या, "तीन."

मग त्यांची बोटं थबकली. गार लागलं नव्हतं ना. त्यांनी पान मुठीत लपवलं आणि घरात गेल्या. मोजणीदार तिथेच उभे होते. हद्दीतला खुंटा बोटभर सरकला तरी ओळखणारा माणूस, त्याला पान ओळखू येणार नाही होय? त्यांनी पाहिलं होतं. पण ते काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून "दहापैकी किती" बंद झालं. मलाही कळलं की आधीचे एक, दोन, तीन सगळे मावशींच्या नवऱ्याला बरं वाटावं म्हणून होते. मला फार वाईट वाटलं. स्वतःसाठी वाटलं, खोटं कशाला बोलू, पण मावशींसाठी जास्त वाटलं.

रजेचे पंधरा दिवस उरले होते. मोजणीदारांनी गाजरं काढली. करंगळीएवढी. प्रत्येकाच्या भोवती माझे पांढरे दोर. सुतळीच्या पलीकडे तीन हातांवर मी डोकं वर काढून उभा. सहा महिन्यांत त्यांच्या हातून एक गोष्ट धड झाली नव्हती, बायकोचं नाक नाही, गाजरं नाहीत, साधी एक हद्दसुद्धा नाही. राग कुणावर काढणार? ते कुदळ घेऊन आले.

"काही उपयोगाचा नाहीस," ते मला म्हणाले. त्यात तथ्य होतं, म्हणून मी गप्प राहिलो. तसाही मी गप्पच असतो.

खणणं चाललं. माझी पानं तुटली, देठ फाटले, मुळं उघडी पडली. इतका वास मी आयुष्यात सोडला नव्हता. धाकटी त्या दिवशी आलेली होती. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "भाऊजी, काय चाललंय? घरभर पेपरमिंट झालंय."

मावशी हातातलं ताट पुसत दारात आल्या. बघत उभ्या राहिल्या. मग पायरी उतरून वाफ्यापर्यंत आल्या.

"अहो, थांबा जरा. कसला वास येतोय?"

मोजणीदार वाकलेले तसेच राहिले. "पेपरमिंटचा?"

"नाही. तो नाही." त्या अजून जवळ आल्या. "मातीचा. ओल्या मातीचा. पाणी घातलंत का आज?"

पाणी चार दिवस घातलं नव्हतं. बाकी वाफे भेगाळले होते. माझ्याखालची माती मात्र काळीभोर, दमट होती. मोजणीदारांनी एक ढेकूळ उचललं, माझी दोन मुळं त्याला लोंबत होती, आणि मावशींसमोर धरलं. त्यांनी डोळे मिटून हुंगलं.

"किती?" मोजणीदारांनी विचारलं. आणि लगेच म्हणाले, "या वेळी खरं सांग."

मावशींनी डोळे उघडले. "तुम्हाला माहीत होतं?"

"पान वेगळं होतं ते."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तुला तेवढंच करता येत होतं, तू केलंस."

मावशींनी पुन्हा ते ढेकूळ नाकाशी नेलं. बराच वेळ लावला. "एक," त्या म्हणाल्या. "जेमतेम. पण आहे." आणि त्या रडल्या. मातीचे हात पाठीवर कसे ठेवायचे म्हणून मोजणीदारांनी कोपर टेकवलं.

मी उपटलेल्या ढिगात पडलो होतो. मनात म्हटलं, सहा महिने पानं चुरडून घेतली मी, आणि मान मिळाला मातीला! पण ती ओल मी धरून ठेवली होती, एवढं तरी माझ्या नावावर राहू दे.

पुढे धाकटीने त्या ढिगातून एक पांढरा तुकडा उचलला. मोजणीदारांनी जुनी बादली आणली, बुड कापलं, काठ जमिनीच्या चार बोटं वर राहील इतपत पुरली आणि मला तिच्यात लावलं. कोबीच्या शेजारीच. सुतळी काढून टाकली.

रजा संपली तेव्हा मावशी वसतिगृहात गेल्या आणि वॉर्डनबाईंना स्वतःच म्हणाल्या, "आधी तीन सांगितलं ते खोटं होतं. खरं दोन आहे, आणि तेही मातीचं." वॉर्डनबाई म्हणाल्या, दुधापाशी दुसरी कुणी उभी राहील, तुम्ही बाकीचं सांभाळा. कोठी टळली.

तर माझं मागणं एवढंच. मला लावा, जमीन झाकीन, ओल धरीन, चहात येईन. पण बादलीत लावा. मोकळा सोडलात तर मी हातपाय पसरणार, मग शेजाऱ्यांसमोर मला नावं ठेवू नका.

कामावर जाण्याआधी मावशी अजूनही येतात. आधी चिमूटभर माती हुंगतात, मग माझं पान. मोजणीदार शेजारी असतात, पण विचारत नाहीत. आज माती हुंगून त्या म्हणाल्या, "चार." मग माझं पान चुरडलं, नाकाशी धरलं, थांबल्या, पुन्हा हुंगलं.

"याचा अर्धा," त्या म्हणाल्या.

मातीला चार आणि मला अर्धा. घेतला मी. खरा आहे.