बरी झालेली मेहुणी

भावोजींच्या दुकानात औषध मिळत नसे, आणि हे ते स्वतःच अभिमानाने सांगत. तिथे जे मिळायचं ते 'नैसर्गिक'. माशाच्या तेलाच्या पिवळ्याधमक कॅप्सूल, मॅग्नेशियमच्या गोळ्या, ड जीवनसत्त्व, आणि सगळ्यात वरच्या फळीवर, मानाच्या जागी, पिवळ्या फुलांच्या एका रानटी झाडाचा अर्क. मन उदास असेल तर हा अर्क. भावोजी लबाड नव्हते, हे आधीच सांगून टाकायला हवं. लबाड माणूस स्वतःचा माल खात नाही. भावोजी रोज सकाळी मूठभर कॅप्सूल तोंडात टाकत आणि दिवसभर त्यांच्या ढेकरांना माशाचा वास येई. त्यांच्या बायकोने, म्हणजे ताईने, त्यापायी त्यांचं अंथरूण कधीच वेगळं केलं होतं.

दुकानाचा खरा आधार मात्र काउंटरवर बसायचा. ती ताईची धाकटी बहीण. वय चाळिशीला टेकलं तरी घरात तिला धाकटीच म्हणत.

आधी ती एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. मागच्या हिवाळ्यात एके दिवशी ती उठलीच नाही. उठवली तर बसायची, बसवली तर रडायची. कारण विचारलं तर कारण नव्हतं, आणि त्यामुळे सगळ्यांची फार पंचाईत झाली. कोणी गेलं असतं, कोणी फसवलं असतं, तर चार लोकांना सांगता तरी आलं असतं. ताई तिला स्वतःच्या घरी घेऊन आली. भावोजींनी वरच्या फळीवरची बाटली काढली. ताई सकाळ-संध्याकाळ उशाशी उभी राहून तिला कॅप्सूल गिळायला लावायची, वर तोंड उघडून दाखव म्हणायची. डॉक्टरकडे न्यावं असं ताईच्या मनात एकदा आलं होतं. पण घरचं दुकान सोडून बाहेर गेलो, तर भावोजींचं तोंड उतरलं असतं, म्हणून तिने तो विषय काढलाच नाही. आणि मग एक दिवस रडणं थांबलं. ताईने हुश्श केलं.

रडण्याबरोबर बाकीचंही सगळं थांबलं होतं, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. धाकटीला जेवण पुठ्ठ्यासारखं लागायचं. ताईच्या मुलीचा निकाल लागला, चांगला लागला, तेव्हा सगळ्यांनी घर डोक्यावर घेतलं आणि हिने आपले ओठ योग्य त्या बाजूंना ओढून धरले. पण ती वेळेवर उठत होती, आंघोळ करत होती, कोणाच्या अध्यात ना मध्यात. घरच्यांना आणखी काय हवं असतं?

भावोजींनी तिला काउंटरवर बसवलं. विकण्याची त्यांची एक रीत होती. गिर्‍हाईक घेऊ की नको करायला लागलं, की ते आतून आवाज देत, "धाकटे, दाखव." मग ती त्या अर्काची एक कॅप्सूल काढून सगळ्यांदेखत पाण्याबरोबर गिळायची. त्यावर भावोजी सांगत, ही माझी मेहुणी, अंथरुणाला खिळली होती, आता बघा कशी शांत झालीय. गिर्‍हाईक बघायचं. शांत तर ती होतीच. शेजारी कप फुटला तरी तिची पापणी हलत नसे. बाटली हातोहात खपायची. अशा दिवसाकाठी किती कॅप्सूल पोटात जातात, ते कोणी मोजत नव्हतं. ताई सकाळ-संध्याकाळची देत होती ती वेगळीच. धाकटीला त्याचं काही वाटत नव्हतं. काही वाटत नव्हतं, हेच तर तिचं दुखणं होतं.

एका दुपारी एक बसचालक आला. अंगावर चुरगळलेला गणवेश, टोपी काखेत. त्याची बायको दिवसभर स्वयंपाकघरात बसून रडायची. डॉक्टरने गोळ्या सुरू केल्या होत्या, पण त्यांनी तिला झोप फार येते, तोंडाला कोरड पडते आणि रडणं काही थांबत नाही, असा सगळा पाढा त्याने वाचला. त्या गोळ्या बंद करून हे सुरू करावं, नाहीतर दोन्ही एकदम द्यावं, असं त्याच्या मनात होतं. नैसर्गिक गोष्टीने अपाय कसला, असं म्हणून भावोजींनी आतूनच त्याला धीर दिला.

तरी चालकाचा पाय निघेना. मग आतून आवाज आला, "धाकटे, दाखव."

तिने कॅप्सूल तळहातावर घेतली. चालक कॅप्सूलकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता.

"मॅडम, तुम्हाला आता बरं वाटतं?"

हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. घरात सगळे तिला सांगत, तू बरी झालीस. रिकाम्या पिशवीत किल्ली चाचपावी तसं तिने आत चाचपून पाहिलं.

"मला काही वाटत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे रडू येत नाही?"

"नाही येत."

चालकाचा चेहरा उजळला. "मग हेच द्या. आमच्याकडे रडणं एकदाचं थांबलं की मिळवली."

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. माणूस वाईट नव्हता. डोळे तारवटलेले, कोणाचं तरी रडणं ऐकून ऐकून जीव मेटाकुटीला आलेला. ताईही अशीच थकली होती. या लोकांना बाटलीतून एवढंच हवं होतं.

"रडते ना अजून?" तिने विचारलं.

"रोज."

"मग आतून अजून जिवंत आहे ती. डॉक्टरच्या गोळ्या बंद करू नका. आणि हे तर त्यांच्याबरोबर देऊच नका, तसं बाटलीच्या मागेच लिहिलंय. त्रास होतोय ते डॉक्टरला सांगा." तिने हातातली कॅप्सूल परत बाटलीत टाकली. "मी रडत नाही म्हणून सगळे मला बरी समजतात. मी बरी नाही. काल रस्ता ओलांडताना समोरून बस आली. मला दिसली. पाय उचलावा असं वाटलंच नाही. तुमच्यासारख्याच कोणीतरी ब्रेक मारला."

हे तिने भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं. चालकाने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. बाटली त्याने घेतली नाही. दारापर्यंत जाऊन तो वळला आणि म्हणाला, डॉक्टर माझ्याच मार्गावर बसतात, शेवटून दुसरा थांबा, बाई चांगल्या आहेत, ऐकून घेतात. मग तो गेला.

भावोजी हातात खोकं घेऊन बाहेर आले होते. गिर्‍हाईकासमोर असं बोलतात का, असं त्यांनी सुरू केलं. मग त्यांनी खोकं खाली ठेवलं आणि विचारलं, बसचं खरं आहे का. तिने होकारार्थी मान हलवली. भावोजी स्टुलावर बसले आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिले.

ताई मागे बाटल्यांना लेबलं चिकटवत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू किती खूश होतीस, ताई."

ताई उठली. चल, आत्ताच जाऊ, म्हणाली. पर्स घेतली, पायात चपला सरकवल्या, आणि दारापर्यंत पोचायच्या आत तिचं अवसान गळालं. काउंटरवर डोकं टेकून ती रडायला लागली. हुंदके देत, नाक ओढत, आतून काहीतरी उपसून निघावं तशी रडली. धाकटी तिच्या शेजारी कोरड्या डोळ्यांनी उभी होती. तिला ताईचा हेवा वाटला.